पाण्यात म्हैस, बाहेर मोल

दरवर्षी 20 मार्चला महाडचे चवदार तळे माणसांनी फुलून जाते. 1927 साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या हजारो सहकाऱ्यांसह या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या स्मृतीला वंदन करण्यास येणारी माणसे परतताना एखादे पुस्तक घेऊन जातात, म्हणून गावोगावचे पुस्तकविक्रेते येथे आपली दुकाने मांडतात. ऑक्टोबरात नागपूरची दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव आणि मार्चमध्ये महाड, अशी त्यांची वर्षभर भ्रमंती चालते. रात्री ताडपत्रीखाली निजावे आणि अवकाळी पाऊस आला तर आधी पुस्तके झाकावी, मग मुले, असा हा संसार असतो.

अशा एका कुटुंबाने वीस वर्षांच्या बचतीतून चाकांवरचे घर घेण्याचे मनात आणले, असे समजू. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे हे बिऱ्हाड. मोटारीतच निजण्याचे फळकूट, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी आणि दिवे असतात. महाराष्ट्र शासनाने 2021 साली पर्यटनासाठी अशा गाड्यांविषयी धोरण जाहीर केल्यापासून हे वाहन आपल्याकडे थोडे परिचयाचे झाले आहे. नवे घेणे या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा वापरलेलेच पाहावयाचे. विकणारा नऊ लाख रुपये मागतो. ही किंमत रास्त आहे किंवा नाही, हे त्यांनी कसे ठरवावे?

आपले पूर्वज बैलबाजारात हेच काम करीत. बैल दोनदाती आहे की चारदाती, हे ते ओठ उघडून पाहत, त्याला चालवून त्याचा पाय पारखत, आणि मगच हेडी व शेतकरी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून सौदा करीत. मोटारीला दात नसतात. परंतु वय सांगणाऱ्या खुणा तिलाही असतात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ते 2418 असे असले, तर तो टायर 2018 सालच्या चोविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी फारशी धावलेली नाही असे विकणारा सांगतो आणि पायाखालच्या पट्ट्यांचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेले दिसते, तेव्हा कोणावर विश्वास ठेवावा हे सुज्ञास सांगावयास नको. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने ते अगोदरच तापवून ठेवले असेल, तर त्याचे कारण विचारावे.

महाडकरांना आणखी एक परीक्षा ठाऊक असावी लागते. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या कुशीत हे गाव वसले आहे. 22 जुलै 2021 च्या महापुरात येथील तळमजले बुडाले आणि दारात उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी धुऊन, रंगवून पुन्हा बाजारात उभी करता येते. वरून ती नवरीसारखी सजते. पण आसनाखालचे स्क्रू गंजलेले असतात, दिव्यांच्या काचेत ओल धरते, आणि सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला तर त्याच्या टोकाशी नदीचा गाळ सापडतो. विजेच्या तारांत शिरलेले पाणी तर पुढे कित्येक महिने त्रास देते. पाण्यात म्हैस असताना बाहेर मोल करू नये, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते.

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा भीतीपोटी सर्वच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. ती ऐकून चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी बाजारातून काढून घेतो, आणि मागे बहुधा वाईट गाड्याच उरतात. या विचारांबद्दल ॲकरलॉफ यांना 2001 साली अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. खरे बोलणाऱ्या विक्रेत्याचेही लबाडीमुळे किती नुकसान होते, हे त्यांनी दाखविले.

आता त्या कुटुंबाचा हिशेब पाहू. त्याच वर्षाची, त्याच बनावटीची साधी गाडी चालू स्थितीत पाच लाखांना मिळते, असे त्यांना चार ठिकाणी विचारल्यावर कळले. आतील सामान बसविण्यास पूर्वी तीन लाख लागले होते. परंतु वापरलेल्या शेगडीला व गादीला नव्याचे मोल कोण देणार? त्याचे निम्मे धरले. झाले साडेसहा लाख. मग छताकडे लक्ष गेले. एका कोपऱ्यात लाकडी तक्ता बोटाने दाबताच आत गेला, म्हणजे पाणी झिरपून तो कुजला होता. कोकणातल्या पावसात अशा गाडीचे छत हाच तिचा प्राण होय. त्या दुरुस्तीचे पन्नास हजार, सहा टायरांचे साठ हजार आणि बॅटरीचे पंधरा हजार वजा केले, तेव्हा सव्वापाच लाख उरले. हे आकडे उदाहरणापुरते आहेत; रीत मात्र कोठेही तीच.

नऊ आणि सव्वापाच यांत केवढे अंतर! तरीही विकणारा ठकच आहे, असे त्या कुटुंबाने धरून चालू नये. त्याने सामानाचा मूळ खर्च मनात धरला असेल, किंवा गाडीवर त्याचा जीव जडला असेल. उलटपक्षी, पुराने नाडलेला माणूस घाईने तीन लाखांतही गाडी देण्यास तयार होईल. ती किंमत स्वस्त खरी. पण तिला रास्त म्हणवत नाही.

राहिले कागद. 1927 सालीच चवदार तळ्याबाबत विरोधकांनी न्यायालयात दावा दाखल केला होता. अस्पृश्य मानलेल्या लोकांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ती तशी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला. माणुसकीच्या त्या थोर लढ्याची गाडीच्या सौद्याशी तुलना नाही. पण सांगणे आणि सिद्ध करणे यांतील भेद महाडच्या मुलांना याहून जवळ कोठे दिसणार? गाडीचे नोंदणीपुस्तक, विमा, कराची पावती आणि कर्ज फिटल्याचा दाखला डोळ्यांनी पाहावा. मोटार वाहन अधिनियम, 1988 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करता येत नाही. म्हणून साध्या गाडीचे घर केलेले असेल, तर तो बदल नोंदणीत उतरला आहे काय, हे तपासावे. उतरला नसेल, तर आतील सामानाचे ते दीड लाखही हिशेबातून वगळावे लागतील. आणि सौदा झालाच, तर मालकीबदलाची नोंद होईपर्यंत सरकारदप्तरी ती गाडी जुन्या मालकाच्याच नावावर राहील.