वाक्प्रचारांचा अनुवाद : ‘पाणी’ या शब्दाच्या आधारे

प्रस्तावना

सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा नित्य कानी पडतात. ‘पाणी’ला कन्नडमध्ये ‘नीरु’ आणि तेलुगूत ‘नीळ्ळु’ म्हणतात, हे येथील अनेकांना ठाऊक असते. मात्र पाण्याचे वाक्प्रचार अनुवादित करताना एवढे ज्ञान पुरत नाही. या घटकात आपण त्याच्या तीन अवस्था पाहू.

विवेचन

१. प्रतिमा व अर्थ दोन्ही जुळतात : ‘तोंडाला पाणी सुटणे’ यासाठी कन्नडमध्ये ‘बायल्लि नीरूरु’, म्हणजे तोंडात पाणी पाझरणे, असा प्रयोग आहे. तेलुगूतील ‘नोरूरु’ या प्रयोगात तोंडच पाझरते. पाण्याचा वेगळा उल्लेख लागत नाही.

२. अर्थ जुळतो, प्रतिमा बदलते : ‘पालथ्या घड्यावर पाणी’ हा निष्फळ उपदेश कन्नडमध्ये कातळावरचा पाऊस होतो, तर तेलुगूत रेड्यावरचा पाऊस. येथे घडा शब्दशः नेण्याचा आग्रह धरू नये.

३. प्रतिमा जुळल्यासारखी वाटते, अर्थ मात्र बदलतो : ही अवस्था सर्वांत फसवी आहे. दान देताना पाणी सोडून दाता वस्तूवरील आपला हक्क सोडतो. त्यामुळे ‘पाणी सोडणे’ यात स्वतः केलेला त्याग असतो. तेलुगूतील ‘आशलपै नीळ्ळु चल्लु’, म्हणजे आशांवर पाणी शिंपडणे, यात मात्र दुसऱ्याने केलेला आशाभंग असतो.

आता अशी कल्पना करा, की एका तेलुगूभाषक विणकराने थकलेल्या मजुरीविषयी तक्रार सांगितली : ‘मालकाने आमच्या आशांवर पाणी शिंपडले.’ अनुवादकाने मराठी अर्जात ‘आम्ही आशेवर पाणी सोडले’ असे लिहिले, तर कर्ता बदलतो आणि विणकराने आपणहून मागणी सोडल्याचा समज होतो. ‘मालकाने आमच्या आशेवर पाणी फिरवले’ हा येथे योग्य अनुवाद होय.

सारांश

वाक्प्रचार अनुवादित करताना प्रथम कृती कोणाची, परिणाम कोणावर आणि त्यात स्वेच्छा आहे की नाही, हे ठरवावे. प्रतिमेचा विचार त्यानंतर करावा.

स्वयं-अध्ययन

‘पाण्यात पाहणे’ आणि ‘पाणी पाजणे’ यांतील कर्ता व परिणाम स्पष्ट करा. आपल्या परिसरातील अन्य भाषकाला विचारून त्यांचे समानार्थी प्रयोग नोंदवा.