शेजारणीने दारातूनच परत पाठवलं

प्रश्न : नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला येऊन वर्ष झालं. परवा संध्याकाळी शेजारणीकडे सहज डोकावले, तर ‘आम्ही जेवतोय’ म्हणत तिने दारातूनच वाटेला लावलं. ऑफिसातही ‘हे चुकलंय’ असं सगळ्यांदेखत तोंडावर. मन खट्टू होतं.

उत्तर : ताई, वाईट वाटणारच. पण शेजारणीच्या मनात अपमान नव्हता. डच घरांत सहाच्या सुमाराला पानं मांडली जातात, बटाटे, भाजी, मांस माणशी मोजून शिजतं. अवचित आलेल्याला वाढायचं काय, हा तिचाही पेच. भेटीगाठी तिथे डायरी बघूनच ठरतात, सख्ख्या भावंडांतसुद्धा. तुम्हीच तिला पुढच्या आठवड्यात सकाळी दहाच्या कॉफीला बोलवा. ती एकच बिस्कीट उचलेल. आग्रह करू नका. पुढे तिच्या वाढदिवसाला गेलात, तर गोल मांडलेल्या खुर्च्यांवरच्या प्रत्येकाचं, अगदी तिच्या आईचंही, अभिनंदन करा. ओळखी तिथेच वाढतात.

ऑफिसात आक्षेप बहुधा कामावर असतो. पटलं नाही तर तुम्हीही कारणासकट सांगा, साहेबांनासुद्धा. मात्र कुणी तुमच्या रंगावर किंवा उच्चारांवर घसरलं, तर त्याला डच मोकळेपणा म्हणून सोडून देऊ नका. तो उद्धटपणाच आहे. तिथल्या तिथे बोला.