ऑर्किडची जोपासना : पाणी बेताचे, लक्ष अधिक

बिहूच्या दिवसांत आसामी तरुणी केसांत पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा लोंबता घोस माळतात. ते 'कपौ फूल' म्हणजे एक ऑर्किड असून आसामचे राज्यपुष्प होय. सह्याद्रीतही अशा घोसांच्या आमरी झाडांच्या फांद्यांवर फुलतात; त्यांना 'सीतेची वेणी' म्हणतात. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ सालच्या गणनेनुसार आपल्या देशात ऑर्किडच्या १,२५६ जाती आहेत.

फांदीवर वाढणारी ऑर्किड झाडाचा केवळ आधार घेते, त्याचा रस शोषत नाही. तिची मुळे हवेत मोकळी असतात व त्यांवरील स्पंजासारखे आवरण पाऊस आणि दव टिपून घेते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने प्रस्तुत लेखकाने आपले पहिले रोप गमावले. बदलीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेली डेन्ड्रोबियम मी गुलाबाप्रमाणे मातीत लावली आणि सकाळ-संध्याकाळ मायेने पाणी घातले. श्रावण सरण्यापूर्वीच तिची मुळे कुजून गेली.

लागवड व निगा

घरगुती लागवडीस डेन्ड्रोबियम व फॅलेनॉप्सिस हे प्रकार सोयीचे. कुंडीला भरपूर छिद्रे असावीत. तीत मातीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा व विटांचे तुकडे भरावेत. डेन्ड्रोबियमला सकाळचे कोवळे ऊन मानवते. फॅलेनॉप्सिसला खिडकीतील सौम्य उजेड पुरतो. पाने गडद हिरवी होऊन फुले येईनाशी झाली तर उजेड कमी पडतो आहे, आणि पाने पिवळसर पडली तर बहुधा ऊन जास्त होते आहे, असे समजावे.

पाणी केव्हा घालावे, हे मुळेच सांगतात. भिजलेले मूळ हिरवे दिसते, सुकल्यावर ते रुपेरी होते. रुपेरी रंग आल्यावरच सकाळी पाणी द्यावे. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यात पाणी साचू देऊ नये. वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा पुरे. मधूनमधून साधे पाणी ओतून कुंडीतील क्षार धुऊन काढावेत. सोडण कुजू लागले, म्हणजे साधारण दोन वर्षांनी, भरण बदलावे.

किडी

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण होत. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने ते पुसून काढावेत. खवले कीड मऊ ब्रशने खरवडावी. त्यानंतर लिटरभर पाण्यात ५ मिलि. कडुनिंबाचे तेल व साबणद्रावणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. फुलकिडे कळ्या विद्रूप करतात. त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे लावावेत. कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी होतो. तो कीटक नसल्याने त्यावर अनेक कीटकनाशके निष्प्रभ ठरतात. पानांची खालची बाजू पाण्याने वरचेवर धुणे हा पहिला उपाय. गोगलगाई रात्री कोवळी मुळे खातात, म्हणून कुंड्या टांगलेल्या बऱ्या.

रोग

पावसाळ्यात काळी कूज सर्वांत घातक. पानाच्या वा कोंबाच्या बुडाशी काळसर डाग पडतो व झपाट्याने पसरतो. निरोगी भागापर्यंत कापून टाकावे, कुंडी पावसाआड न्यावी आणि मेटॅलॅक्झिलयुक्त बुरशीनाशक वेष्टनावरील प्रमाणातच वापरावे. ताम्रयुक्त औषध डेन्ड्रोबियमला अपाय करते, हे विसरू नये. पान पाणचट होऊन दुर्गंधी येत असेल, तर ती जिवाणूजन्य कूज होय. अशा वेळी रोगट भाग कापावा, पानांवर पाणी घालणे थांबवावे व हवा खेळती ठेवावी.

विषाणूजन्य रोगावर मात्र इलाज नाही. पानांवर पिवळे, पुढे काळपट होणारे पट्टे उमटतात, फुलांचे रंग फाटतात. माझ्याकडील एका रोपाला हा रोग असल्याचे जाणकाराने सांगितले, पण दोन वर्षे जपलेले रोप टाकवेना. त्याच कात्रीने मी इतर रोपांचे सुकलेले दांडे कापत राहिलो आणि काही महिन्यांत आणखी तीन कुंड्यांत तेच पट्टे दिसू लागले. अखेर चारही रोपे नष्ट करावी लागली. वेळीच एक टाकले असते, तर तीन वाचली असती.

तेव्हापासून दोन नियम मी कटाक्षाने पाळतो. नवे रोप महिनाभर इतरांपासून दूर ठेवतो आणि प्रत्येक रोपानंतर कात्रीचे पाते ज्योतीवर धरून निर्जंतुक करतो. दर रविवारी भिंगाने पाने तपासून वहीत नोंद करतो. खातेवहीत आयुष्य गेलेल्यास ते जड नाही!

शेवटी एक विनंती. रानातील आमरी उपटून घरी आणू नये. तिचे सूक्ष्म बी निसर्गात विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेच रुजते. त्यामुळे रानातले एक झाड गेले की त्याची जागा सहजी भरून येत नाही. रोपवाटिकेतील रोप घ्यावे, रोज एकदा न्याहाळावे आणि मुळे रुपेरी होईपर्यंत पाण्याची झारी खाली ठेवावी.