काटेरी हेजहॉग आणि औषधाला दाद न देणारे जंतू

एखाद्या घराचे कुलूप चोरकिल्लीने उघडता येऊ नये म्हणून मालकाने बदलले, तर त्यात नवल नाही. पण ती चोरकिल्ली तयार होण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीच कुलूप बदललेले होते, असे आढळले तर? जीवाणूंच्या बाबतीत अगदी असेच घडले आहे. हे कोडे ज्या प्राण्यामुळे सुटले, तो युरोपातील एक लहानसा काटेरी प्राणी आहे. त्याचे नाव हेजहॉग.

हेजहॉग म्हणजे आपल्याकडील साळिंदर नव्हे. साळिंदर हा कुरतडणारा प्राणी आहे, तर हेजहॉग मुख्यतः किडे व गांडुळे खाऊन जगतो. संकट येताच तो अंगाचा काटेरी चेंडू करून पडून राहतो. त्याचे काही भाऊबंद आपल्या राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातही आढळतात. परंतु आपली हकिगत युरोपातील जातीची आहे.

पेनिसिलिन काम कसे करते?

बेदाणा पाण्यात टाकला की तो फुगतो, हे तुम्ही पाहिले आहे. बाहेरचे पाणी परासरणाने आत शिरते व आतील दाब वाढतो. जीवाणूच्या पेशीतही असेच घडत असते. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस नावाच्या जीवाणूत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे वीसपट असतो. सायकलच्या ट्यूबमधील दाबाहून तो कितीतरी जास्त आहे. तरीही जीवाणू फुटत नाही, कारण त्याच्याभोवती जाळीसारखी विणलेली मजबूत पेशीभित्तिका असते.

जीवाणू वाढताना या जाळीचे धागे एकमेकांना जोडण्याचे काम काही प्रथिने करतात. पेनिसिलिनचा रेणू या प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि त्यांचे काम बंद पाडतो. जाळी विरविरीत होते व आतील दाबामुळे जीवाणू फुटून मरतो.

आता एखाद्या जीवाणूजवळ जाळी विणणारे असे वेगळे प्रथिन असेल, की ज्याला पेनिसिलिन नीट चिकटतच नाही, तर? तो सुखरूप राहील. असे प्रथिन बनवण्याची कृती ज्या जनुकात असते, त्याला मेक जनुक म्हणतात. वर सांगितलेले बदललेले कुलूप ते हेच.

कोड्याची सुरुवात

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लावला आणि १९४० नंतरच्या दशकात ते रुग्णांना मिळू लागले. थोड्याच वर्षांत पेनिसिलिनचे तुकडे करणारे जीवाणू पसरले. त्यांच्यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलिन हे सुधारित औषध आले. पण १९६१ मध्येच पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलिनलाही दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जीवाणू ब्रिटनमध्ये सापडल्याचे जाहीर केले. यांनाच एम.आर.एस.ए. म्हणतात. मेथिसिलिन आज वापरात नाही, पण नाव राहिले.

पुढे २०११ मध्ये ब्रिटनमधील दुभत्या गाईंत व काही माणसांतही निराळे मेक जनुक असलेले एम.आर.एस.ए. आढळले. या जनुकाला मेक-सी असे नाव मिळाले. गोठ्यांत प्रतिजैविके बरीच वापरली जातात; तेव्हा हे जंतू तेथेच तयार झाले असावेत, असा तर्क साहजिक होता.

मात्र डेन्मार्क व स्वीडनमधील रानटी हेजहॉग तपासले, तेव्हा त्यांच्यापैकी ६० टक्क्यांपर्यंत प्राण्यांच्या अंगावर मेक-सी असलेले जीवाणू निघाले. हेजहॉगला पेनिसिलिनचे इंजेक्शन कोण देणार? मग हे जनुक त्याच्या अंगावर टिकले कसे?

औषधाचा कारखाना कातडीवरच

याचा धागा फार पूर्वीच हाती आला होता. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून हेजहॉग नेले गेले. तेथील हेजहॉगांच्या कातडीवर पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस राहतात, असे स्मिथ व मार्पल्स या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दाखवून दिले होते. हेजहॉगच्या कातडीवर ट्रायकोफायटॉन एरिनासी नावाची बुरशी वाढते आणि ही बुरशी पेनिसिलिनसारखी द्रव्ये तयार करते.

जानेवारी २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अनेक देशांतील शास्त्रज्ञांचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि धागे जुळले. त्यांनी बुरशीच्या शेजारी जीवाणू वाढवून पाहिले. मेक-सी असलेले जीवाणू खुशाल वाढले. ते जनुक काढून टाकलेल्या जीवाणूंची वाढ मात्र रोखली गेली. म्हणजे हेजहॉगच्या कातडीवर बुरशी आणि जीवाणू यांची जागेसाठी झुंज चालू आहे. बुरशीचे शस्त्र पेनिसिलिन, तर जीवाणूची ढाल मेक-सी.

काळ मोजला कसा?

मेक-सी असलेल्या जीवाणूंची घराणी हेजहॉगांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून असावीत, असे या शास्त्रज्ञांनी काढले. त्या काळचे जीवाणू कोणी बाटलीत भरून ठेवले नव्हते. मग हे कळले कसे?

पदार्थविज्ञानात किरणोत्सारी द्रव्याच्या ऱ्हासावरून खडकाचे वय काढतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. कोणता अणू केव्हा फुटेल ते सांगता येत नाही, पण असंख्य अणूंचा सरासरी वेग ठरलेला असतो. जीवाणूंच्या डी.एन.ए.चेही थोडे तसेच आहे. स्टॅफिलोकॉकसच्या डी.एन.ए.मध्ये सुमारे २८ लाख अक्षरे असतात. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना त्यांत अधूनमधून एखादे अक्षर बदलते.

एक सोपे गणित पाहू. समजा, दर वर्षी सरासरी ३ अक्षरे बदलतात. एकाच पूर्वजापासून निघालेल्या दोन शाखांत आज १२०० अक्षरांचा फरक आहे. दोन्ही शाखा स्वतंत्रपणे बदलत असल्याने फरक वर्षाला ३ + ३ = ६ अक्षरांनी वाढतो. म्हणून १२०० ÷ ६ = २०० वर्षे. त्यांचा पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला! खरे गणित याहून पुष्कळ गुंतागुंतीचे असते. बदलाचा वेग वेगवेगळ्या साली गोळा केलेल्या नमुन्यांची तुलना करून ठरवावा लागतो, आणि उत्तरही ‘अमुक ते तमुक वर्षे’ असेच मिळते.

मग माणूस निर्दोष का?

मुळीच नाही. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. औषध जीवाणूला नवे जनुक देत नाही. औषध निवड करते. ज्यांच्याजवळ ढाल नाही ते मरतात, ज्यांच्याजवळ आहे ते उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. हेजहॉगच्या कातडीवर ही निवड एका लहानशा जागेत चालू होती. आपण मात्र रुग्णालयांत, गोठ्यांत व कुक्कुटपालनात प्रतिजैविके वापरून तीच निवड जगभर सुरू केली. माणसांत होणाऱ्या एम.आर.एस.ए.च्या संसर्गांपैकी मेक-सी असलेले दोनशेत सुमारे एक असतात, असा अंदाज आहे. बाकीच्यांचा दोष हेजहॉगच्या माथी मारता येणार नाही.

शिवाय सगळ्याच रानटी प्राण्यांची कथा हेजहॉगसारखी नसते. कचऱ्यावर व सांडपाण्यावर चरणाऱ्या कुरव पक्ष्यांत जी प्रतिरोधक जनुके सापडतात, त्यांतील पुष्कळशी आपल्याकडूनच तेथे पोचलेली असतात. म्हणजे रस्ता दुहेरी आहे.

हेजहॉगला घाबरण्याचे किंवा मारण्याचे काहीच कारण नाही. त्याने शिकवलेला धडा मात्र मोलाचा आहे. निसर्गात ढाली आधीपासून तयार आहेत. त्यांची निवड किती वेगाने व्हावी, हे बरेचसे आपल्या हाती आहे. म्हणून सर्दीसाठी मनाने प्रतिजैविकाची गोळी घेऊ नये, उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तसेच औषध घ्यावे.

विचार करा

१. पेनिसिलिन जीवाणूला मारते, पण आपल्या पेशींना फोडत नाही. का?

२. सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूंना पेशीभित्तिका नसते. मग सर्दीवर पेनिसिलिनचा उपयोग का होत नाही?

३. वरील गणितात फरक ९०० अक्षरांचा असता, तर पूर्वज किती वर्षांपूर्वीचा ठरला असता? (उत्तर : १५० वर्षे)