आधी पाण्याची वाट शोध

चि. मनू,

गावचं घर पाडायचं नाही, दुरुस्त करायचं, आणि जमेल तेवढं आपल्याच हातांनी करायचं, असं तू ठरवलंस हे वाचून बरं वाटलं. तुझी यादी वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. सिमेंटची पोती, वॉटरप्रूफ रंग, भिंतीत भोकं पाडून भरायचं केमिकल आणि शेवटी ओटी-माजघरामधली भिंत काढून एकच मोठा हॉल! यातलं काहीही अजून विकत घेऊ नकोस, कुणाला इसारही देऊ नकोस.

बांधकाम खात्यात जन्म काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. जुन्या घरात कामं दोनच प्रकारची असतात, पाण्याची आणि भाराची. पाण्याचं काम घरच्या माणसाइतकं चांगलं कुणी करत नाही, कारण त्याला लक्ष आणि सबुरी लागते, आणि कंत्राटदाराला सबुरी परवडत नाही. भाराच्या कामाला मात्र हौशी माणसानं हात लावू नये. कोणतं काम कोणत्या खात्यातलं, हे ठरवता येणं ही खरी अक्कल. बाकी थापी, रंधा सगळ्यांना शिकता येतो.

आपलं घर चिऱ्याचं. जांभा सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो आणि कोरड्या दिवसांत सोडून देतो. जुन्या लोकांनी तो मातीत नाहीतर चुन्यात बांधला, वर चुन्याचा गिलावा केला, त्यावर सफेदी मारली. या सगळ्यातून ओल बाहेर पडू शकते. रत्नागिरीकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा भिंत भिजणारच. तिला पुढचे आठ महिने वाळायला मिळतं का, एवढाच प्रश्न असतो. आपल्याकडे मध्यंतरी आतून कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर ऑइलपेंट लागला, सारवणाच्या जमिनीवर लाद्या आल्या. खालची ओल कोंडली आणि भिंतीतून वर चढली. तू पाठवलेला फोटो नीट बघ. पोपडे सुटलेत ते बरोबर सिमेंटच्या वरच्या कडेला, आडव्या रेषेत. त्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवणं.

तेव्हा आधी पाणी कुठून येतं ते शोध. त्याच्या वाटा चार: वरून, बाजूनं, खालून आणि हवेतून. छपरातून आलेलं पाणी वाशावर काळा ओघळ ठेवतं आणि डाग भिंतीच्या माथ्यापासून खाली उतरतो. बाजूचं पाणी म्हणजे पश्चिमेची झड. ते त्याच एका भिंतीवर, मोठा पाऊस झाल्यावर उमटतं. खालची ओल जमिनीपासून चढते, साधारण मीटरभरावर थांबते आणि वरच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ सोडते. हवेतली ओल कपाटामागे आणि कोपऱ्यात बुरशी धरते. शंका असेल तिथे ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारी कडांना टेप लावून भिंतीवर चिकटव आणि दोन दिवसांनी बघ. पाणी फॉइलच्या वरच्या अंगावर जमलं असेल तर ते हवेतलं, खिडक्या उघडून भागेल. भिंतीकडच्या अंगावर असेल तर ते भिंतीतलं.

मागच्या खोलीची गोष्ट वेगळी आहे. तिथे पूर्वी गोठा होता. जनावरांच्या मुतातले क्षार चिऱ्यात मुरलेत आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणून कुठेही गळती नसताना ती भिंत जूनमध्ये, पाऊस पुरता लागायच्या आधीच ओली होते. असा लोणा लागलेली भिंत कधीही धुवायची नाही, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडायची, पडलेली पूड कागदावर गोळा करून घराबाहेर टाकायची. नंतर तिथे चुन्याचा साधा गिलावा कर. तो क्षार स्वतःत घेईल आणि काही वर्षांनी खराब होईल. तेव्हा तो काढून नवा करायचा. चिरा वाचतो, यातच सगळं आलं.

आता कामाचा क्रम. पहिलं छप्पर. एप्रिलमध्ये कौलं चाळून घे. प्रत्येक कौल धुऊन बोटाच्या पेरानं वाजव. खणखणीत वाजलं तर ठेव, बद्द वाजलं तर त्याला तडा आहे. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून या घडणीची कौलं आपल्या किनाऱ्यावर पसरली. पण प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी असते. म्हणून नवी कौलं आणताना जुनं एक बरोबर ने आणि बसवून बघूनच घे. कौलं उतरवताना दोन्ही पाख्यांची थोडी थोडी उतरव. एका कौलाचं वजन दोन-अडीच किलो, चौरस मीटरला पंधराएक कौलं लागतात. शंभर चौरस मीटरच्या छपराचं हे ओझं तीन टनांच्या वर जातं. एक पाखं रिकामं करून दुसरं भरलेलं ठेवलंस तर आढ्यावर एकाच बाजूनं जोर येतो.

दुसरं काम पन्हळीचं. आज पागोळ्या सरळ जोत्याच्या पायथ्याशी पडतात. तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीवर दोन फुटांपर्यंत चढलेले तुला दिसतील. चांगल्या उताराची पन्हळ लाव आणि पाणी घरापासून लांब सोड. तिसरं काम मागल्या दाराचं. डोंगराची माती वर्षानुवर्षं सरकून जोत्याच्या वर आली आहे. ती खणून घराच्या जमिनीपेक्षा निदान अर्धा फूट खाली ने आणि भिंतीपासून अंतर ठेवून चर काढ. सलग खणू नकोस, थोडं थोडं खण. पाया उघडा पडेल इतकं खोल तर मुळीच जाऊ नकोस. एवढ्या तीन कामांनी निम्म्याच्या वर ओल जाईल आणि यात केमिकलचा एक थेंबही लागणार नाही.

मग, पुढच्या वर्षी, आतला सिमेंटचा गिलावा काढ. हलका हातोडा आणि बोथट छिन्नी घे. चिऱ्याचा तुकडा निघायला लागला की जागा बदल. भिंत पावसाळाभर आतून उघडी राहू दे, दिसायला वाईट दिसेल, दिसू दे. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून झापांची ताटी बांध, शेजारी दाखवतील. जाड भिंत इंचाला एक महिना या हिशेबानं वाळते. म्हणजे चिऱ्याची भिंत पुरती कोरडी व्हायला वर्ष जाईल. पण चुन्यातून ओल बाहेर पडत राहते, म्हणून चुन्याचा गिलावा दिवाळीनंतर केलास तरी चालेल, तोही आधी एकाच खोलीत.

चुना मुरवलेला मिळाला तर उत्तम. चुनकळी विरवायची झाली तर चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळून उडतो. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे हवेतच. एक भाग चुना, तीन भाग वाळू. खाडीची वाळू स्वस्त मिळेल, ती घेऊ नकोस. तिच्यातल्या मिठानं भिंत पुन्हा ओल धरेल. थर पातळ दे आणि आठवडाभर पाणी शिंपडून दमट ठेव, उन्हाला गोणपाट लाव. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. वर सफेदीच मार.

लाकडाचं निम्मं काम तुझं, निम्मं सुताराचं. वाशांची टोकं भिंतीत जिथे टेकतात तिथे पेचकस टोचून बघ. सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी. नळी मोड आणि दोन दिवसांनी बघ. पुन्हा बांधली असेल तर वाळवी चालू आहे, जाणकार बोलाव, औषधाची फवारणी स्वतः करू नकोस. काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला चांगलं, पण ते कातडी भाजतं, तेव्हा उघड्या हातांनी लावू नकोस. रीप बदलणं तू करशील. वाशाचं टोक धरून बदलणं सुतारानं करावं. तुळईला दोघांनीही इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

भिंतींना तडे आहेत असं लिहिलंस. प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिही आणि मध्ये काचेची पातळ पट्टी आडवी चिकटव. एक पावसाळा जाऊ दे. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना आणि मेलेला आहे, चुन्यानं भर. पट्टी फुटली तर भिंत अजून हलतेय. दाराच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा तडा, आडवा तडा आणि ओळंबा लावल्यावर पोट काढलेली दिसणारी भिंत, या तिन्ही ठिकाणी काम थांबवायचं. आपल्या न्हाणीघराची भिंत दुपाखी आहे: दोन बाजूंना काळे दगड आणि मध्ये भर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या अशा जाड भिंती फाटून कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधणारा आरपार दगड त्यांत नव्हता. अशी भिंत फुगली तर वरून गिलावा करून काही होत नाही.

आणि ओटी-माजघरामधली भिंत. तिच्यावर तुळई टेकली आहे, तुळईवर मधला खांब, आणि खांबावर आढं. ती काढायची नाही. मुंबईत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचना-तपासणी कायद्यानं करावी लागते. गावात असं विचारणारं कुणी नाही, म्हणून ती जबाबदारी आपली. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखव. त्याची फी तू यादीत लिहिलेल्या सिमेंटपेक्षा कमीच पडेल.

यंदा छप्पर, पन्हळ आणि मागची माती एवढंच कर. पावसात चार दिवस रजा काढून घरी राहा आणि पाणी कसं येतं ते वहीत लिहून ठेव. पुढचं आपण त्या वहीवरून ठरवू. आणि खाली शिडी धरायला माणूस असल्याशिवाय कौलांवर चढायचं नाही, हे माझं सांगणं न विसरता पाळ.

तुझा,
काका