पेठांमधला फोटो ट्रेझर हंट: २४ जण, पाच हजार रुपये

ऑफिसचा, सोसायटीचा किंवा शाळासोबत्यांचा ग्रुप घेऊन फोटो ट्रेझर हंट करायचा असेल, तर पुण्यात शनिवारवाडा ते मंडई एवढा पट्टा पुरतो. दिल्ली दरवाजा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, तुळशीबाग, महात्मा फुले मंडई, सगळं पायी होतं. फोटो बाहेरूनच काढायचे ठरवले, तर तिकिटाचा प्रश्न येत नाही. खरा पैसा जातो खाण्यावर.

चौघांचा एक गट, असे सहा गट धरू. कोड्यांच्या रंगीत प्रिंटला २००, पाण्याच्या बाटल्यांना ४८०, मिसळ आणि चहा माणशी १३० प्रमाणे ३,१२०, बक्षिसांना ६००, प्रथमोपचार आणि किरकोळ ३००. आधीच्या पाहणीसाठी जाणं-येणं आणि चहापाणी ३००. एकूण ५,०००, म्हणजे माणशी २१० च्या आत. भाव अंदाजे आहेत. मिसळीचा दर हॉटेलात आधी विचारा आणि २४ जण एकदम बसतील का, तेही विचारून घ्या.

काटकसर करायचीच तर बाटल्यांवर करा, प्रत्येकाने घरून पाणी आणावं. पाहणीचे ३०० मात्र वाचवू नका. मी एकदा गल्लीतल्या एका जुन्या पाटीवर कोडं रचलं होतं. खेळाच्या दिवशी त्या पाटीवर फ्लेक्स चढलेला होता. तीन गट तिथेच पाऊण तास फिरत राहिले आणि त्यांचा सगळा उत्साह गेला. तेव्हापासून आदल्या दिवशी मी पूर्ण वाट पुन्हा चालतो.

कोडं असं हवं की उत्तर जागेवर उभं राहून डोळ्यांनीच सापडावं. दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे हत्तीची धडक थोपवण्यासाठी आहेत. म्हणून ‘हत्ती जिथे कपाळ टेकवणार नाही’ एवढंच लिहा. विश्रामबागवाड्याच्या लाकडी दर्शनी भागात सुरूच्या झाडासारखे खांब आहेत. ‘पानं नसलेले सुरू शोधा’ म्हटलं की माणसं मान वर करून बघतात. रोज तिथून जाणाऱ्यांनीही ते खांब कधी नीट पाहिलेले नसतात, आणि मला या खेळात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. मंडईची इमारत अष्टकोनी मनोऱ्याभोवती उभी आहे, तिथे कोपरे मोजायला लावा.

इंटरनेटवरचा फोटो कोणी पाठवू नये म्हणून सकाळी प्रत्येक गटाला चिठ्ठीतून एक आकडा द्या. प्रत्येक फोटोत गटातल्या एकाने तो आकडा बोटांनी दाखवलाच पाहिजे. गटाचा एकच मोबाइल, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. कोणाचा कधी आला ते तिथेच दिसतं. पण आधी पोचल्याचे गुण देऊ नका. शिवाजी रस्ता ओलांडताना कोणी धावायला नको. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून केली, तर एकाच दारात गर्दीही होत नाही.

रविवारी सकाळी साडेसातला सुरू करा. गणेशोत्सवाचे दिवस आणि मे महिन्यातलं ऊन टाळा. वाड्यांमध्ये आजही माणसं राहतात, तेव्हा अंगणात शिरायचं नाही. देवळात गाभाऱ्याचा फोटो नाही, आणि भाजीवाल्या मावशींना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो नाही. हे नियम कोड्यांच्या कागदावर सगळ्यात वर छापा.

काम बाहेर द्यायचं असेल, तर दर सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: किमान किती माणसांचे पैसे लागतील, नाश्ता धरलाय का, आणि १८ टक्के जीएसटी आत की वर. पन्नासच्या पुढची संख्या असेल, तर मदतनीस लागतातच, तेव्हा हा खर्च पटतो. वीस-पंचवीस जणांसाठी नाही.

बक्षिसाच्या ६०० रुपयांतून ट्रॉफी आणू नका. ४ बाय ६ च्या २४ प्रिंट २० रुपयांनी ४८० मध्ये होतात. प्रत्येकाला आपल्या गटाचा सर्वांत चांगला फोटो हातात मिळतो. उरलेल्या १२० रुपयांची बाकरवडी जिंकणाऱ्या गटाला.