एकदाच बांधावे, तेच सगळीकडे चालवावे

खापरखेडा

चि. सायलीस,

वेब ॲप्लिकेशनचे दोन भाग दोन वेगळ्या ठिकाणी चालतात. क्लायंट वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये आणि एपीआय सर्व्हरवर. डिप्लॉयमेंटच्या बऱ्याच भानगडी हा फरक विसरल्यामुळे होतात.

क्लायंटचे काम त्यातल्या त्यात सोपे. बिल्ड केला की फायलींचे एक फोल्डर तयार होते. ते एन्जिनएक्सवर किंवा सीडीएनवर ठेवले की झाले. जावास्क्रिप्ट आणि सीएसएस फायलींच्या नावात मजकुरावरून काढलेला हॅश असावा, म्हणजे ब्राउझरने त्या वर्षभर साठवल्या तरी बिघडत नाही. इंडेक्स डॉट एचटीएमएल मात्र दर वेळी ताजी आहे का हे तपासले जावे, कारण कोणती फाइल उचलायची हे तीच सांगते. क्लायंटमध्ये घातलेली कोणतीही की गुप्त राहत नाही. ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आली असली तरी बिल्डनंतर सर्वांना वाचता येते.

एपीआयसाठी कंटेनर वापरावा. मार्च २०१३ मध्ये डॉकर आले आणि कोडबरोबर त्याच्या लायब्रऱ्याही एकाच इमेजमध्ये नेणे सोपे झाले. डॉकरफाइलमध्ये आधी पॅकेजांची यादी कॉपी करून ती इन्स्टॉल करावी, मग कोड आणावा. उलट केले तर एक ओळ बदलली तरी सारी पॅकेजे पुन्हा उतरतात. २०१७ पासून मल्टिस्टेज बिल्डची सोय असल्याने बिल्डची अवजारे शेवटच्या इमेजमध्ये ठेवण्याचे कारण उरलेले नाही. पासवर्ड इमेजमध्ये नसावेत. टॅग ‘लेटेस्ट’ नको, कमिटचा हॅश हवा. टेस्टिंगला जी इमेज तपासली तीच प्रॉडक्शनला जावी. तिथे नव्याने बिल्ड करणे म्हणजे न तपासलेली वस्तू ग्राहकाला देणे.

आता ती इमेज चालू कशी करावी ते पाहू. इथल्या खापरखेडा वीज केंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक संच आहे. संच ग्रिडला जोडण्यापूर्वी त्याची वारंवारता आणि व्होल्टेज ग्रिडशी जुळवून घेतात. नव्या कंटेनरचेही तसेच: हेल्थ चेकला उत्तर मिळाल्यावरच त्याच्याकडे ट्रॅफिक वळवावे आणि मगच जुना बंद करावा.

खरी कसोटी क्रमाची. नवे फीचर देताना आधी डेटाबेस, मग एपीआय, शेवटी क्लायंट. जुने काढताना याच्या उलट. कारण कुणाच्या तरी टॅबमध्ये कालचा क्लायंट अजून उघडा असतो आणि तो जुन्याच पद्धतीने विचारणा करतो. म्हणून कॉलमचे नाव थेट बदलू नये. नवा कॉलम जोडावा, काही काळ दोन्हींत लिहावे, जुना नंतर काढावा. जुनी इमेज मिनिटभरात परत लावता येते. पुसलेला डेटा तसा परत येत नाही.

क्लायंट आणि एपीआय एकाच डोमेनवर, एन्जिनएक्समागे ठेवले तर सीओआरएसची कटकट मुळातच टळते. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या वापरासाठी सर्व्हर अमेरिकेत ठेवण्याचे कारण नाही. एडब्ल्यूएसचे मुंबई रीजन २०१६ पासून आहे. एपीआय आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये असणे तर त्याहून महत्त्वाचे, कारण एका विनंतीमागे अनेक क्वेऱ्या धावतात.

छोट्या ॲप्लिकेशनला कुबरनेटीस लागत नाही. एक मशीन, डॉकर कंपोज आणि प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहिलेला बॅकअप एवढे पुरते.

– काका